जुन्या पवनचक्कीची देखभाल : कोणत्या भागावर किती खर्च करावा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. सातारा जिल्ह्यातील पठारावर आपल्या सव्वा मेगावॅटच्या चार पवनचक्क्या आहेत, त्यांना सतरा वर्षे झाली आहेत आणि देखभालीचा करार संपत आला आहे. उत्पादक कंपनी सर्वसमावेशक करारासाठी वाढीव दर मागते आहे, एक स्वतंत्र सेवा पुरवठादार बऱ्याच कमी दरात काम करायला तयार आहे, आणि गिअरबॉक्सवर कायमस्वरूपी कंपन-सेन्सर बसवून घ्या असा सल्लाही कोणी दिला आहे. यांपैकी किफायतशीर काय, असे आपण विचारले आहे.

माझ्या मते या तिन्हींतून एक निवडून ते सगळ्या यंत्राला लावणे योग्य होणार नाही. पवनचक्कीतील प्रत्येक मोठा भाग वेगळ्या रीतीने बिघडतो. काही भाग झिजत झिजत आणि आधी खुणा दाखवून जातात, काही कोणतीही सूचना न देता जातात. काही भाग दोन टेक्निशियन पाठीवरच्या पिशवीत घेऊन वर जातात आणि दोन तासांत बदलून खाली येतात, तर काहींसाठी घाटातून क्रेन आणावी लागते. म्हणून प्रत्येक भागाबाबत दोन प्रश्न आधी विचारावेत : बिघाडाची चाहूल आधी लागते का, आणि दुरुस्तीला क्रेन लागते का. तिसरा प्रश्न या दोहोंइतकाच महत्त्वाचा असून तो आपल्याकडे हमखास राहून जातो : बिघाड कोणत्या महिन्यात झाला तर किती युनिटे बुडतात?

सह्याद्रीच्या माथ्यावरील वाऱ्याचे वर्ष अतिशय असमान असते. मे महिन्याच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्य मोसमी वारे वाहतात आणि वर्षाच्या उत्पादनाचा मोठा हिस्सा तेवढ्यातच मिळतो, कारण वाऱ्यातील ऊर्जा त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. हिशेबासाठी असे धरू की सव्वा मेगावॅटचे यंत्र वर्षभरात सरासरी २० टक्के क्षमतेने चालते, म्हणजे सुमारे २१.९ लाख युनिटे देते; जुलैमध्ये ते ५० टक्के क्षमतेने चालते आणि डिसेंबरमध्ये ८ टक्के. मग जुलैचा एक दिवस १५,००० युनिटांचा होतो आणि डिसेंबरचा एक दिवस २,४०० युनिटांचा. युनिटला ३ रुपये मिळतात असे मानले, तर यंत्र एक दिवस बंद राहण्याची किंमत जुलैमध्ये ४५,००० रुपये आणि डिसेंबरमध्ये ७,२०० रुपये.

आता आपल्या करारातील ९५ टक्के उपलब्धतेची (यंत्र वर्षातील तेवढा वेळ चालण्याच्या स्थितीत ठेवण्याची) हमी या आकड्यांपुढे ठेवून पाहावी. वर्षाचे ५ टक्के म्हणजे सुमारे १८ दिवस. यंत्र डिसेंबरमध्ये १८ दिवस बंद राहिले, तर ४३,००० युनिटे, म्हणजे वार्षिक उत्पादनाच्या जेमतेम २ टक्के युनिटे जातात. तेच १८ दिवस जुलैमध्ये गेले, तर २ लाख ७० हजार युनिटे, म्हणजे १२ टक्क्यांहून अधिक उत्पादन बुडते. दोन्ही वेळा करारातील हमी पाळलेलीच असते आणि पुरवठादाराला एक रुपयाही भरपाई द्यावी लागत नाही. त्यामुळे करार कोणाशीही करा, हमी बंद दिवसांवर न मोजता बुडालेल्या युनिटांवर मोजली जाईल असे कलम आग्रहाने घालून घ्यावे. ते मान्य होत नसेल, तर निदान जून ते सप्टेंबर या काळासाठी ९७ किंवा ९८ टक्क्यांची वेगळी हमी मागावी. माझ्या अनुभवात दरातील घासाघिशीपेक्षा या एका कलमाने मालकाचा अधिक फायदा होतो.

वाऱ्याच्या या वेळापत्रकाला क्रेनचीही बाजू आहे. पाती किंवा संपूर्ण रोटर (पाती आणि ती जोडलेला मधला भाग) उतरवताना वाऱ्याचा वेग साधारण सेकंदाला ८ ते १० मीटरच्या आत असावा लागतो, आणि आपल्या पठारावर जून ते ऑगस्टमध्ये सलग तेवढे शांत तास मिळणे फार अवघड असते. धुके आणि पाऊस असतो, क्रेन उभी करायची जागा भिजलेली असते आणि घाटातून ट्रेलर वर चढवणेही धोक्याचे असते. म्हणजे ज्या काळात गिअरबॉक्स बिघडणे सर्वांत महाग पडते, त्याच काळात तो बदलता येत नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गेलेला गिअरबॉक्स बहुधा ऑक्टोबरमध्येच बदलला जातो आणि त्या वर्षीचा हंगाम हातचा जातो. म्हणूनच गिअरबॉक्स, जनरेटर, मुख्य बेअरिंग आणि पाती या चार भागांची कसून तपासणी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पूर्ण झालीच पाहिजे, म्हणजे दोष सापडला तर क्रेन आणून काम करायला वेळ उरतो. आपल्याकडे अनेक ठिकाणी मोठी वार्षिक तपासणी मेच्या शेवटी, पाऊस तोंडावर आल्यावर घाईने उरकली जाते. त्या वेळी दोष सापडून फारसा उपयोग होत नाही.

शक्य असेल तर शेजारच्या मालकांशी बोलून क्रेन एकत्र आणावी. क्रेनच्या खर्चातील मोठा भाग ती जोडणे, वर आणणे आणि परत नेणे यांत जातो, आणि तो एका यंत्रासाठी आणली काय किंवा पाचांसाठी आणली काय, जवळजवळ तेवढाच असतो. मार्चमध्ये एकदा क्रेन वर आली की पुढच्या वर्षभरात जाण्याची शक्यता असलेले बेअरिंगही त्याच फेरीत बदलून घेणे हिशेबात बसते, जरी त्यात थोडे आयुष्य शिल्लक असले तरी.

आता भागांकडे वळतो. जर्मनीत १९८९ पासून २००६ पर्यंत पवनचक्क्यांच्या बिघाडांची दीर्घकाळ नोंद ठेवली गेली. तिच्यातून दिसलेली गोष्ट आपल्याकडेही बऱ्याच अंशी लागू पडते : सुमारे ७५ टक्के बिघाड एकूण बंद काळापैकी केवळ ५ टक्के काळ खातात, आणि उरलेले २५ टक्के बिघाड ९५ टक्के काळ. वारंवार होणारे बिघाड विद्युत आणि नियंत्रण यंत्रणेतील असतात. फ्यूज, काँटॅक्टर, तापमानाचे सेन्सर, वाऱ्याचा वेग आणि दिशा मोजणारी उपकरणे, पिच यंत्रणेतील (पात्यांचा कोन बदलणाऱ्या यंत्रणेतील) कार्डे असे हे भाग आहेत. यांतील इलेक्ट्रॉनिक भाग वयाप्रमाणे झिजत नाहीत, कधीही जातात. त्यामुळे दर तीन वर्षांनी ते सरसकट बदलण्यात पैसे घालवू नयेत, उलट नवा भाग बसवताना जोडणीच्या नव्या चुका शिरतात. ते बिघडेपर्यंत चालू द्यावेत आणि त्यांचा साठा पठारावरच्या स्टोअरमध्ये ठेवावा. दोन-तीन हजारांचा सेन्सर पुण्याहून येईपर्यंत जुलैत तीन दिवस यंत्र बंद राहिले, तर वर काढलेल्या हिशेबाने सव्वा लाखाहून अधिक रुपये जातात.

याउलट काही भाग ठरावीक गतीने झिजतात आणि बदलायला स्वस्त असतात : जनरेटरचे कार्बन ब्रश, यॉ (यंत्राचे तोंड वाऱ्याकडे वळवणारी यंत्रणा) आणि मुख्य ब्रेकचे पॅड, फिल्टर, पिचच्या आणीबाणीच्या बॅटऱ्या. हे वेळापत्रकानेच बदलावेत आणि ते वेळापत्रक पावसाळ्याच्या आधी येईल असे आखावे. ब्रश अजून दोन महिने चालेल असे एप्रिलमध्ये वाटत असेल, तर तो एप्रिलमध्येच बदलावा. बॅटऱ्यांच्या बाबतीत तर पैशाचा हिशेब लावूच नये. ग्रीड गेल्यावर पाती वाऱ्याच्या माऱ्यातून वळवून यंत्र थांबवण्याचे काम त्यांच्यावर असते आणि त्या निकामी असतील तर यंत्र बेफाम फिरू शकते. टॉवरचे व पात्यांचे बोल्ट, अतिवेग रोखणारी यंत्रणा, चढण्याच्या शिडीवरील सुरक्षा दोर, बचाव संच आणि आगविझवणी यांनाही हाच नियम लावावा. या बाबींवरील खर्च कमी दाखवून जो पुरवठादार स्वस्त होतो, त्याला काम देऊ नये.

गिअरबॉक्सचा विचार मात्र सविस्तर करायला हवा, कारण आपला सर्वांत मोठा खर्च तेथेच दडलेला आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेने जमवलेल्या गिअरबॉक्स बिघाडांच्या नोंदींत जवळपास तीन चतुर्थांश बिघाड बेअरिंगमधले आढळले, आणि त्यांत अतिवेगाच्या शाफ्टकडील (जनरेटरला फिरवणाऱ्या वेगवान दांड्याकडील) बेअरिंगांचा वाटा मोठा होता. ही एक प्रकारे चांगली बातमी आहे. अतिवेगाच्या शाफ्टचे बेअरिंग बहुतेक यंत्रांत मोठ्या क्रेनशिवाय, नॅसेलमध्येच (टॉवरच्या माथ्यावरील यंत्रकक्षातच) छोट्या उचल-साधनांनी बदलता येते. मात्र त्यातील चीर वेळेत कळली नाही, तर सुटलेले धातूचे कण तेलाबरोबर पुढच्या दातांत आणि ग्रहीय टप्प्यात (मधल्या चाकाभोवती फिरणाऱ्या दातचाकांच्या संचात) जातात, तेथील दातांवर घाव पडतात आणि मग संपूर्ण गिअरबॉक्स खाली उतरवण्यावाचून इलाज राहत नाही. मूळ दोष तोच असतो, पण खर्चात कित्येक पटींचा फरक पडतो.

चाहूल लागण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे तेल. दर सहा महिन्यांनी नमुना प्रयोगशाळेत पाठवून चिकटपणा, पाण्याचे प्रमाण, कणांची संख्या आणि लोह-तांब्याचे प्रमाण तपासून घ्यावे. नमुना घेण्याची रीत चुकली तर अहवालाला काही अर्थ राहत नाही, म्हणून आपल्या माणसांना एवढे नीट सांगावे : यंत्र थांबवल्यानंतर तेल गरम असतानाच, फिल्टरच्या आधीच्या तोटीतून नमुना घ्यायचा, सुरुवातीचे तेल वेगळ्या भांड्यात सोडून द्यायचे आणि मगच कोरडी, नवी बाटली भरायची, बाटलीवर यंत्राचा क्रमांक, तारीख आणि तेल बदलल्यापासून झालेले तास लिहायचे. त्याच वेळी तेलातील लोखंडी कण धरून ठेवणारा चुंबकी प्लग काढून पाहावा. त्यावर मलमासारखा राखाडी थर असेल आणि बोटांत चोळल्यावर तो मऊ लागत असेल, तर ती साधारण झीज आहे. चकचकीत पापुद्रे दिसले, बोटांना टोचले, तर बेअरिंगच्या किंवा दाताच्या पृष्ठभागाचा तुकडा सुटला आहे असे समजून त्याच आठवड्यात झाकण उघडून बोअरस्कोपने (बारीक नळीच्या कॅमेऱ्याने) आत पाहावे. तेलाच्या एकाच अहवालावरून निष्कर्ष काढू नये. चारही यंत्रांचे मागील अहवाल एकाच तक्त्यात मांडले की कोणत्या यंत्रातील लोह सतत वाढते आहे हे लगेच दिसते. अहवाल ठीक असताना केवळ तारीख आली म्हणून शेकडो लिटर कृत्रिम तेल बदलण्याचीही गरज नसते.

कायमस्वरूपी कंपन-सेन्सरचा प्रश्न यानंतर येतो. समजा, या वयाच्या गिअरबॉक्सचा मोठा बिघाड होण्याची वार्षिक शक्यता ५ टक्के आहे. अचानक गेला तर बदलणे, क्रेन आणि बुडालेला हंगाम मिळून ७० लाख रुपये जातात, आणि वेळेत कळले तर नॅसेलमधली दुरुस्ती ८ लाखांत होते. म्हणजे वाचणारी रक्कम ६२ लाख. सेन्सरने दहापैकी सहा दोष वेळेत पकडले, तर अपेक्षित बचत दर यंत्रामागे वर्षाला १ लाख ८६ हजार होते, आणि सेन्सरचा वार्षिक हप्ता व विश्लेषकाचे शुल्क याहून कमी असेल तर सौदा फायद्याचा दिसतो. विक्रेते एवढाच हिशेब दाखवतात. परंतु तुलना सेन्सर आणि काहीच न करणे यांच्यात करायची नसते. तेलाची तपासणी आणि वर्षातून दोनदा हातातल्या उपकरणाने घेतलेले कंपनाचे मोजमाप यांनी दहापैकी चार दोष पकडले, तर १ लाख २४ हजारांची बचत त्यातूनच होते. कायमस्वरूपी सेन्सरने होणारी वाढीव बचत मग केवळ ६२ हजार उरते. हे आकडे मी समजावण्यासाठी धरले आहेत. आपण आपले दर घालून हाच हिशेब करावा. सव्वा मेगावॅटच्या, आयुष्याच्या उत्तरार्धातील यंत्रांसाठी तो बहुधा सेन्सरच्या विरुद्ध जातो आणि दोन-तीन मेगावॅटच्या नव्या यंत्रांसाठी बाजूने. चारपैकी एखाद्या गिअरबॉक्सचे तेल संशय दाखवत असेल, तर तेवढ्या एकावर सेन्सर बसवणे मात्र योग्य ठरेल.

येथे आणखी एक गोष्ट तपासावी. दोषाची पहिली खूण दिसल्यापासून यंत्र बंद पडेपर्यंत जो अवधी मिळतो, तो सुटा भाग मिळण्याच्या अवधीपेक्षा मोठा असेल तरच खूण आधी कळण्याचा उपयोग होतो. कंपनातून बेअरिंगचा दोष काही आठवडे ते काही महिने आधी कळतो. तापमान वाढते तेव्हा हाती बहुधा थोडेच दिवस उरलेले असतात. जुन्या मॉडेलचे बेअरिंग मागवून यायला तीन महिने लागत असतील, तर सेन्सरवर खर्च करण्याआधी चार यंत्रांत मिळून बेअरिंगांचा एक संच विकत घेऊन ठेवावा.

आपल्याकडे एक साधन विनामूल्य पडून आहे, ते म्हणजे यंत्राच्या नियंत्रकाने दर दहा मिनिटांनी केलेल्या नोंदी. सारख्याच वीजनिर्मितीच्या वेळी चारही यंत्रांच्या गिअरबॉक्स-बेअरिंगचे आणि जनरेटरचे तापमान शेजारी-शेजारी मांडावे. एकच यंत्र बाकीच्यांपेक्षा सात-आठ अंश गरम राहू लागले, तर अलार्म येण्याची वाट पाहू नये. वाऱ्याचा वेग आणि वीजनिर्मिती यांचा आलेख दरवर्षी पावसाळ्यानंतर काढावा. यंत्राचे तोंड वाऱ्यापासून आठ अंश तिरपे राहिले, तर दोन ते तीन टक्के उत्पादन जाते, आणि कोणताही अलार्म न वाजता वर्षानुवर्षे जात राहते. दिशादर्शक सरळ करण्याचा खर्च एका माणसाच्या एका सकाळचा असतो.

पात्यांच्या बाबतीत आकाशातून पडणारी वीज हा मुख्य शत्रू आहे. वळवाचा काळ एप्रिल-मेमध्ये येतो आणि नेमकी त्याच वेळी जांभ्याच्या पठारावरील जमीन कोरडी असल्याने अर्थिंगचा रोध सर्वाधिक असतो. पात्याच्या टोकापासून जमिनीपर्यंतचा विजेचा मार्ग अखंड आहे की नाही, हे मार्चमध्येच मोजून घ्यावे. पात्याची पुढची कड पावसाने व धुळीने झिजते, ती दुर्बिणीतून किंवा ड्रोनच्या छायाचित्रांतून पाहता येते. छोटी चीर दोरावरचे कारागीर कोरड्या हवेत बुजवतात, तीच चीर पावसाळाभर पाणी पीत राहिली तर पाते उतरवावे लागते.

आता करार. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या २००३ च्या आदेशाखाली आलेल्या अनेक यंत्रांना पहिल्या वर्षी युनिटला ३.५० रुपये आणि पुढे दरवर्षी १५ पैशांची वाढ, असा १३ वर्षांचा दर मिळत होता. म्हणजे तेराव्या वर्षी ५.३० रुपये. ती मुदत संपलेल्या मालकाला आज त्याहून कमी दर स्वीकारावा लागतो, तर देखभालीचा दर दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढत गेल्यास चौदा वर्षांत दुप्पट होतो. ५.३० रुपयांच्या युनिटासाठी जी देखभाल परवडत होती, ती ३ रुपयांच्या युनिटासाठी परवडेलच असे नाही, आणि ही गोष्ट पुरवठादाराशी बोलताना स्पष्ट मांडावी.

सर्वसमावेशक करार हा खरे तर विमा असतो, म्हणून त्याच्या वगळलेल्या बाबी आधी वाचाव्यात. क्रेन, वीज पडून झालेले नुकसान आणि गिअरबॉक्स वगळलेला असेल, तर उरलेल्या किरकोळ बिघाडांसाठी एवढा हप्ता देण्यात अर्थ नाही. स्वतंत्र पुरवठादाराकडे जाताना दरापेक्षा पुढील गोष्टींची खातरजमा अधिक महत्त्वाची आहे : नियंत्रकात शिरण्याचे पासवर्ड आणि आजवरच्या नोंदी आपल्याला मिळणार का, त्याच्या माणसांनी याच मॉडेलवर काम केले आहे का, ती माणसे पठाराजवळ राहतात का, आणि ३३ केव्ही वाहिनी, उपकेंद्र व रस्ता यांचा सामाईक खर्च मूळ कंपनी आपल्याकडून वेगळा किती घेणार. हा शेवटचा आकडा धरल्यावर स्वस्त वाटणारा प्रस्ताव पुष्कळदा तितका स्वस्त राहत नाही.

आपल्या चार यंत्रांसाठी मी असे करीन : नियमित देखभाल आणि किरकोळ दुरुस्ती अनुभवी स्वतंत्र पुरवठादाराला, युनिटांवर आधारित हमीसह, तेल व कंपनाची तपासणी तिसऱ्याच संस्थेकडून, कारण दुरुस्ती करणाऱ्यानेच स्वतःची तपासणी करू नये, आणि मोठ्या बिघाडासाठी दरवर्षी ठरावीक रक्कम वेगळ्या खात्यात. करार तीन वर्षांपेक्षा लांब नसावा. या यंत्रांचे संकल्पित आयुष्य २० वर्षांचे आहे, म्हणजे तीन वर्षांनी ती आणखी चालवायची की त्यांच्या जागी मोठी यंत्रे उभारायची हे ठरवावेच लागेल, आणि डिसेंबर २०२३ मध्ये आलेल्या केंद्राच्या पुनर्सक्षमीकरण व आयुर्वृद्धी धोरणात दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. ज्या यंत्राचा गिअरबॉक्स आजच संशयास्पद आहे, त्यात नवा गिअरबॉक्स घालण्यापूर्वी उरलेल्या वर्षांच्या उत्पन्नातून तो फिटतो का हे पाहावे. जवळपासच्या पठारांवर याच मॉडेलची यंत्रे उतरवली जात असतील, तर त्यांतील तपासलेला एक गिअरबॉक्स आणि एक जनरेटर तीन-चार मालकांनी मिळून आताच घेऊन ठेवावा. हे भाग भंगारात गेल्यावर त्या मॉडेलचे सुटे भाग मिळणे दरवर्षी अधिक कठीण होत जाईल.